उडी मारायला शिकवतो, उतरायलाही शिकवूया
लेखमाला : खेळ आणि शरीर – भाग 6

मागच्या आठवड्यात आपण मुरगळलेल्या घोट्याविषयी बोललो. आज गुडघ्याकडे वळू, आणि तेही मुलींच्या. एकच खेळ मुले आणि मुली दोघेही खेळत असतील, तर गुडघ्यातला ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना निदान दुप्पट असतो. काही अभ्यासांत तो त्याहूनही कितीतरी जास्त आढळला आहे.

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारा हा पट्टा. नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचे काम. तो तुटला की अनेकदा आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. शस्त्रक्रिया झाली, तरी मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी द्यावेच लागतात. घाई केली तर तो पुन्हा तुटण्याची भीती असते. ऑगस्ट 2023 मध्ये कुस्तीगीर विनेश फोगटच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि हांगझोऊचे एशियाड हुकले. तिच्या पाठीशी डॉक्टर होते, फिजिओ होते. वाडी-पाड्यावरच्या मुलीला हे सगळे कुठून मिळणार? तिच्यासाठी दुखापत टाळणे हाच खरा उपचार.

नाशिक जिल्ह्याला मुलींच्या धावण्याचे कौतुक नवे नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये 10,000 मीटरचे रौप्यपदक आणले. पण सरळ धावताना एसीएल सहसा तुटत नाही. तो तुटतो झटक्यात थांबताना, वळताना, उडीवरून उतरताना, आणि बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. कबड्डीत चढाईला गेलेली मुलगी बोनस रेषेवरून गर्रकन मागे फिरते, खो-खोत हुलकावणी देणारी एकदम दिशा बदलते. पाऊल जमिनीत रुतलेले, गुडघा आत झुकलेला आणि सगळा भार त्या एका पायावर. पाऊल टेकल्यावर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच इजा होऊन जाते. तेवढ्यात विचार करायला सवड नसते. पाय नीट पडायचा तर तो सवयीनेच पडला पाहिजे.

मुलींनाच धोका जास्त का? कमरेची ठेवण, गुडघ्यातली अरुंद खाच, संप्रेरके अशी कारणे सांगितली जातात. ती आपल्या हातात नाहीत. हातात आहे ते वेगळेच. वयात येताना मुलींची उंची वाढते, पण स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे अनेक मुली उडीवरून ताठ पायांनी उतरतात आणि गुडघे आत वळतात. मांडीचे पुढचे स्नायू नडगीला पुढे ओढतात, मागचे तिला आवरतात. हे मागचे स्नायूच बहुधा कच्चे राहतात.

हे सरावाने बदलते. स्वीडनमध्ये 12 ते 17 वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक फुटबॉलपटू मुलींवर झालेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटांचा व्यायाम करणाऱ्या संघांत एसीएलच्या दुखापती 64 टक्क्यांनी कमी झाल्या.

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीत मात्र सरावाला अडचण पावसाची. घाटमाथ्यावरचा हा पाऊस जूनपासून मैदानाचा चिखल करून ठेवतो. सराव बंद पडतो, आणि शालेय स्पर्धा पाऊस सरायची वाट पाहत नाहीत. सवय मोडलेल्या पायांनी मुली थेट सामन्यात उतरतात. वरच्या फेरीत मॅट आली, तर मातीत थोडे घसरणारे पाऊल तिथे बूट घालून घट्ट रोवले जाते आणि वळण्याचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पण या व्यायामाला मैदान लागतच नाही. शाळेचा कोरडा व्हरांडा पुरे.

आधी परीक्षा. फूटभर उंच पायरीवरून मुलीला दोन्ही पायांवर उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघे एकमेकांकडे झुकले, तर काम तिथे आहे. मग आठवड्यातून किमान दोनदा हे करून घ्या : गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून अर्ध्या बैठका, आधी दोन पायांवर, जमले की एका पायावर. घडी केलेल्या चटईवर गुडघे टेकायचे, जोडीदारीण मागून घोटे धरते, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. पोट-कमरेसाठी प्लँक. शेवटी छोट्या उड्या : चवड्यावर उतरायचे, गुडघे वाकवायचे, आवाज होऊ द्यायचा नाही. वळताना एका लांब ढांगेऐवजी दोन-तीन आखूड पावले टाकायची. फरशी ओली असेल तर उड्या त्या दिवशी नकोत.

19 जानेवारी 2025 रोजी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर मैदानावर येऊ पाहणाऱ्या मुलीला ‘गुडघा जाईल, खेळू नकोस’ असे कोणी सांगू नये. क्रीडाशिक्षकांना विनंती एवढीच, की ही पंधरा मिनिटे सरावाच्या वेळापत्रकात लिहून टाका आणि वर्षभर पाळा, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यापुरती नव्हे. आणि पालकांनो, मुलीचा गुडघा सुजला तर चोळू नका, मालिश करू नका. खेळ थांबवा, बर्फाने शेका आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.