कागद सापडला, घर कुठलं?

जुन्या ट्रंकेत, रद्दीच्या गठ्ठ्यात किंवा चोरबाजारातल्या एखाद्या फ्रेमच्या मागे युद्धकाळातलं स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र सापडलं की पहिली नजर जाते ती नावावर. नाव वाचायचं, फोटो काढायचा आणि ‘यांचं कुणी आहे का’ असं विचारत तो फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरवायचा. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. मात्र मुंबईत, आणि त्यातही कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या कोळी वस्तीशी त्या कागदाचा संबंध असेल तर, ही वाट लवकर संपते. इथे नाव हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. माणूस कुठे राहत होता आणि त्याने कोणतं काम केलं, हे दोन पुरावे त्याहून कितीतरी पक्के असतात. घर शोधायचं असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी कागद कोणत्या युद्धातला, हे ठरवायला हवं. मुंबईत असे कागद मुख्यतः दोन काळांतले असतात. पहिला काळ दुसऱ्या महायुद्धाचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, आणि ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकीनाडा इथे जपानी बाँब पडले. आता पाळी मुंबईची, या धास्तीने शहरात ए.आर.पी.चं, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाचं काम वाढलं. ब्लॅकआउट पाळला जातो की नाही ते पाहणं, भोंगा झाला की माणसांना आडोशाला नेणं, वाळूच्या बादल्या भरून ठेवणं, जखमींना पट्ट्या बांधणं, हे सगळं करणारे वॉर्डन त्या त्या भागातलेच रहिवासी असत. मुंबईवर विमानातून बाँब कधी पडला नाही. पण १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि सोबत कापसाच्या गासड्या. हादऱ्याची नोंद पार शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली, पेटता कापूस वस्त्यांवर येऊन पडला. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि जपान्यांनी हल्ला केला असंच अनेकांना वाटलं. हल्ल्यासाठी तयार केलेले स्वयंसेवक त्या दिवशी खरोखर कामाला आले. अग्निशमन दलाच्या त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्वयंसेवकांची आठवण मात्र उरली ती बहुतेक अशा कागदांतूनच.

दुसरा काळ १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचा. होमगार्ड संघटना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईतच सुरू झाली होती आणि १९६८ मध्ये नागरी संरक्षणाचा कायदा झाला. तारीख पुसली गेली असली तरी कागद आपलं वय सांगतो. वर ब्रिटिश राजमुकुट असेल तर तो स्वातंत्र्यापूर्वीचा, अशोकस्तंभ असेल तर स्वातंत्र्यानंतरचा. ‘महाराष्ट्र शासन’ असेल तर १ मे १९६० नंतरचा. पत्त्यात नुसतं ‘मुंबई ५’ असेल तर तो बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी पिनकोड आला. आणि तोच पाचचा आकडा आजच्या ४००००५ मध्ये शेवटी बसलेला आहे, म्हणजे माणूस कुलाब्याच्या बाजूचा. ४ असेल तर गिरगाव, १२ असेल तर परळ-लालबाग. नावाकडे वळण्याआधीच शोधाचं क्षेत्र असं एका पोस्टाच्या हद्दीपर्यंत आलेलं असतं.

आता नावाचं पाहू. कोळीवाड्यातल्या अनेक कुटुंबांचं आडनाव कोळी, नाहीतर तांडेल, नाखवा किंवा पाटील. तांडेल आणि नाखवा हे मूळचे होडीवरचे हुद्दे, त्यामुळे वरळी, माहीम, वर्सोवा, उरण, अलिबाग, कुठेही ही आडनावं सापडतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. त्यात कारकुनाने नाव ऐकून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन रूपं दिसली तर नवल नाही. शिवाय त्या माणसाचा वंश मुलींकडून पुढे गेला असेल तर लग्नानंतर आडनाव बदललं आणि नावाचा माग तिथेच संपला. आजोबांचा बिल्ला आज ज्या नातीच्या कपाटात असेल, तिच्या आधार कार्डावर आजोबांच्या आडनावाचा मागमूसही नसेल.

ठिकाणावरून शोध लागतो, हे जगात इतरत्र दिसून आलेलं आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या पंजाबी सैनिकांची नोंदणीपुस्तकं लाहोरच्या संग्रहालयात जवळपास शंभर वर्षं पडून होती. त्यांत सुमारे ३ लाख २० हजार माणसांची नोंद आहे. २०२१ मध्ये त्यांतल्या जालंधर, लुधियाना आणि सियालकोट या जिल्ह्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या. ब्रिटनमध्ये वाढलेल्या पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा त्यांत शोधता आले ते एका साध्या कारणाने: त्या नोंदी गाववार लावलेल्या होत्या. सिंगांच्या त्या गर्दीत नुसत्या नावाने काही हाती लागलं नसतं. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी दिसते. या गावातून अमुक इतके पुरुष युद्धावर गेले आणि अमुक इतके कामी आले, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. आकडा असतो, नाव एकही नसतं. तरीही ती माणसं कुणाची होती हे शोधायला सुरुवात करता येते, कारण गाव ठाऊक आहे. उलट स्थिती मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होमची. युद्धात समुद्रातच विरलेल्या हजारो भारतीय खलाशांचं स्मारक तिथे आहे. नुसतं नाव आणि जहाज हाती असेल तर तिथून कोकणातल्या एखाद्या घरापर्यंत पोचणं फार अवघड जातं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मुंबईत ठिकाणच राहिलेलं नाही, त्याला काय करणार? कफ परेड हा एके काळी समुद्रालगतचा रस्ता होता. पुढे भराव पडला, किनारा सरकला, वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं राहिलं, आणि त्या रस्त्याचं आजचं नाव कॅप्टन प्रकाश पेठे मार्ग. वोडहाउस रोडचा नाथालाल पारेख मार्ग झाला, व्हिन्सेंट रोडचा आंबेडकर रोड झाला. १९४४ चा पत्ता घेऊन आज कुणी चालू लागला तर तो चुकणारच. पण रस्त्यांची नावं बदलली तरी वस्त्यांची घडण एवढी सहज मोडत नाही. महापालिकेचा ए वॉर्ड आजही ए वॉर्डच आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे गिरगाव-परळच्या चाळींत भाडेकरूचा हक्क वारसांकडे जात राहिला, म्हणून खोलीचा क्रमांक हाती असेल तर त्या खोलीत आजही तेच कुटुंब असण्याची शक्यता असते. चाळ पाडली असेल तर म्हाडाच्या भाडेकरूंच्या यादीत. गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घरांसाठी ज्या कुटुंबांनी जुने पास, भविष्यनिधीच्या पावत्या धुंडाळल्या, त्यांना अशा कागदांचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि कोळीवाडा सरकतो तो सबंध जमातीसह. मच्छीमार नगरात विचारायचं झालं तर सहकारी सोसायटीची सभासदांची जुनी वही, देवळाच्या वर्गणीचं बाड आणि वयस्क बायका, या क्रमाने नव्हे तर याच्या उलट क्रमाने विचारावं. कुलाब्याच्या बाजारात आणि ससून डॉकमध्ये जन्म घालवलेल्या कोळणींना कोणती लेक कोणत्या कोळीवाड्यात दिली आणि कोण कुणाच्या होडीवर होता, हे तोंडपाठ असतं. त्यांना नाव सांगू नये. काम सांगावं: गोदी पेटली तेव्हा गेलेला, टोपी आणि शिट्टी असलेला, रात्री दिवे बंद करायला लावणारा. माणूस ओळखला जातो तो अशा खुणांनी.

दुसरा आक्षेप असा की ही सेवा इंग्रजांची होती. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव होत असताना जो सरकारी बिल्ला लावून फिरत होता, त्याचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्या पिढीच्या घराघरांत तो विचारला गेला असणार. पण वॉर्डन राखत होता ती त्याची स्वतःची चाळ होती. वाळूची बादली शेजाऱ्याच्या घरासाठी भरलेली होती. किनाऱ्यावरचा माणूस किनारा राखतो, राज्य कुणाचंही असो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांची रबरी बोट मच्छीमार नगराजवळ बधवार पार्कला लागली, तेव्हा ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा इथल्याच मच्छीमारांनी विचारला.

आणि फोटो सगळीकडे फिरवायला हरकत काय, असं कुणी म्हणेल. हरकत आहे. पूर्ण नाव-पत्ता उघडा केला की खरा वारस कोण हे ताडण्याचं साधनच हातातून जातं. कुणीही येऊन ‘ते आमचे’ म्हणू शकतो. शिवाय ज्यांना आठवतं ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत आणि ती मोबाइल बघत बसलेली नाहीत. एखाददुसरा तपशील मागे राखून ठेवावा, आणि तो जो सांगेल त्याच्याकडे कागद द्यावा. त्या घराने ‘आम्हाला नको’ म्हटलं, तर तोही त्यांचा हक्क आहे. मग एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागाराकडे विचारणा करावी.

तेव्हा असा कागद हाती आला तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, तो कुठे आणि कशासोबत सापडला ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि त्यावरच्या वॉर्डात स्वतः जाऊन विचारा. हे लवकर करा. गोदीचा स्फोट झाला तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या पुढे आहे.