प्लास्टिकच्या खुर्चीतलं कॉकपिट

जांभळं घ्यायला बदलापूर गावात गेले होते. एका जुन्या घराच्या खिडकीतून मुलीचा आवाज आला, "मेडे, मेडे, मेडे!" शेजारी ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईंनी मानही वर केली नाही. "तिचं विमान रोज पडतं," एवढंच म्हणाल्या.

त्या वाक्यापायी मी आत डोकावले.

विमान म्हणजे भिंतीवर चिकटवलेलं सेसना १७२ च्या पॅनेलचं पोस्टर आणि समोर एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत पंचविशीची मुलगी. टाचा जमिनीला टेकलेल्या, चवडे रडरवर ठेवल्यासारखे उचललेले. वैमानिक होऊ पाहणारी मंडळी याला चेअर फ्लाइंग म्हणतात. इंजिन बंद पडल्यावरची चेकलिस्ट चालू होती. "६८ नॉट. फ्युएल सिलेक्टर बोथ. मिक्स्चर रिच. मॅग्नेटो बोथ." शब्दागणिक बोट त्या त्या जागी जात होतं. थ्रॉटलपाशी कागद इतका झिजलाय की मागचा निळा चुना दिसतो.

बारावीला फिजिक्स-मॅथ्स, क्लास वन मेडिकल, विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या प्रत्येक पेपरला किमान ७० टक्के, रेडिओची परीक्षा वेगळी, हे तिने एका दमात सांगून टाकलं. मग २०० तास. कमर्शियल परवान्याला तेवढं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, शिवाय ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री.

"२०० तास?" चहा पिता पिता तिचे वडील हसले. "सीएसएमटीला जायला दीड तास, यायला दीड. पावणेतीन महिन्यांत मी २०० तास लोकलमध्ये उभा असतो."

पण लोकलचे २०० तास पासात भागतात. हिच्या २०० तासांसाठी घर तारण पडलंय. पावसाळ्यात ढग, उरलेल्या दिवसांत नादुरुस्त विमान. दीड वर्षाच्या कोर्सला गेलेली पोर तिसऱ्या वर्षी घरी आली. जाहिरातीत सोनेरी पट्ट्यांचा कॅप्टन हसत असतो. धावपट्टीच्या कडेला पाळीची वाट बघत बसलेली पोरं तिथे कोणी छापत नाही.

आणि परवाना म्हणजे नोकरी नव्हे. छोट्या विमानाचे २०० तास एअरबसला चालत नाहीत; ए३२० चं टाइप रेटिंग वेगळं, त्याचे आणखी १५-२० लाख, तेही बऱ्याचदा आपल्याच खिशातून. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. एक कंपनी बसली की हजारो तासांचे वैमानिक रांगेत पुढे येऊन उभे राहतात आणि २०० तासवाले मागे सरकतात. अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला साधारण १५०० तास लागतात, आपल्याकडे २०० ला दार उघडतं. मला तर ही सवलत वाटेना. दाराशी गर्दी जमवायची युक्ती वाटली.

"मेडिकल दर वर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा चेकही दर वर्षी," ती म्हणाली. "न उडताही पैसे उडतात."

तिच्या आईने माझ्यापुढे जांभळांची वाटी सरकवली. मी सहज विचारलं, "इथे खरंच इंजिन बंद पडलं तर कुठे उतरशील?"

तिने खिडकीतून उल्हास नदीच्या दिशेला पाहिलं. "भातखाचरात नाही. बांधाला चाक अडकलं की विमान उलटतं. नदीकाठी सपाट माळ बघेन, वाऱ्याकडे तोंड करून." उत्तराला तिला क्षणही लागला नव्हता. तिचे २०० तास तारणखतात नव्हते, तिच्या बोलण्यात होते.

मग ती पुन्हा पोस्टरकडे वळली. चेकलिस्ट मध्येच तुटली की पहिल्यापासून घ्यायची असते, तिथे सवलत नाही. मी चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला.

"६८ नॉट."