मीठ-मिरीची गाणी कुणाची?

सॉल्ट म्हणजे मीठ आणि पेपा म्हणजे मिरी! नाही, मैत्रिणींनो, आज पाककृती नाही. ‘सॉल्ट-एन-पेपा’ हा अमेरिकेतल्या बायकांचा रॅप गट. रॅप म्हणजे तालावर झरझर बोलत म्हटलेलं गाणं. घरातली पोरं कानाला हेडफोन लावून ऐकतात ना, तेच.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या शेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन या कॉलेजच्या मैत्रिणी. दोघी सीअर्स कंपनीत फोनवर बोलायची नोकरी करायच्या. तिथेच काम करणाऱ्या हर्बी अझोरला अभ्यासक्रमासाठी एक गाणं तयार करायचं होतं. त्यानं या दोघींना गायला उभं केलं. १९८५ सालचं ते गाणं म्हणजे पुरुषांच्या एका गाजलेल्या रॅपला दिलेलं उत्तर होतं. आपल्या तमाशातला सवाल-जवाबच म्हणा की!

१९८६ मध्ये पहिला अल्बम आला. पुढच्या वर्षी डिआड्रा रोपर ही शाळकरी मुलगी तबकड्या फिरवायला आली, तीच स्पिंडरेला. त्याच वर्षी ‘पुश इट’ हे गाणं दुसऱ्या एका गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका डीजेनं ते नव्यानं जुळवून वाजवलं आणि १९८८ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत १९व्या क्रमांकावर गेलं. अल्बमच्या दहा लाख प्रती खपल्या. रॅप करणाऱ्या बायकांना हे तोवर कधीच जमलं नव्हतं.

पण बहुतेक गाणी लिहायचा हर्बी, ठरवायचाही हर्बीच. चेहरे यांचे, घाम यांचा, शब्द मात्र त्याचे. आणि पैसा लिहिणाऱ्याच्या नावावर जमतो, बाई! शेवटी शेरिलनं ‘एक्स्प्रेशन’ स्वतः लिहिलं, स्टुडिओत बसून तयारही स्वतःच केलं. रॅपच्या यादीत ते पहिलं आलं. १९९३ च्या ‘व्हेरी नेसेसरी’मध्ये दोघींचं लिखाण आणखी वाढलं. ‘शूप’ चौथ्या क्रमांकावर पोचलं, अल्बम अमेरिकेतच पन्नास लाखांवर खपला. तोवर दोघींच्या पदरात लहान लेकरं होती, हेही लक्षात घ्या.

१९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं. गाणं होतं, मी कशी वागते याच्याशी तुम्हाला काय करायचंय, असं लोकांना ठणकावणारं. गंमत बघा, तेच नेमकं हर्बीनं लिहिलेलं!

२००२ मध्ये गट फुटला, पुढे पुन्हा जुळला. २०२१ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरवही मिळाला. तरी २०२५ च्या मे महिन्यात शेरिल आणि सँड्रा युनिव्हर्सल म्युझिकविरुद्ध कोर्टात गेल्या. पस्तीस वर्षांनंतर कलावंताला आपलं ध्वनिमुद्रण परत मागता येतं, असा कायदा आहे, तेव्हा आमचं आम्हाला द्या, असं त्यांचं मागणं होतं. कंपनीचं उत्तर असं, की ही गाणी तुमच्या नावावर कधी नव्हतीच. १९८६ च्या करारात मालकी लिहिली होती ती हर्बीच्या कंपनीची.