खोपीकडे परतणाऱ्या माश्या

दसरा उलटला की पेण-रोह्याकडे हळवी भातं कापणीला येतात आणि पावसाळाभर कडी लावलेली वाडीतली खोप उघडली जाते. इरली, कोयते, खताच्या रिकाम्या गोण्या, मोडका माठ यांच्या गर्दीतून गुणगुण ऐकू येते. पेंढा पेटवून धूर केला जातो, माश्या उठून जातात. शिमग्याच्या सुमाराला पाहावं तर त्याच फटीत नवं मोहोळ! अंबा, भोगावती आणि कुंडलिकेच्या काठी ज्यांची वाडी आहे, त्यांच्या ओळखीचा हा अनुभव. माशी परत येते, कारण ज्या गोष्टींनी तिला तिथं आणलं त्या सगळ्या जागेवरच असतात. त्या बदलल्या तर माशीचा प्रश्न कायमचा सुटतो आणि तिचा जीवही वाचतो.

आधी माशी ओळखा

खोपीच्या फटीत, माठात, भिंतीच्या पोकळीत एकामागे एक अशी अनेक पोळी लावणारी माशी म्हणजे सातेरी. ती अंधाऱ्या, बंदिस्त जागेत राहते आणि पेटीतही नांदते. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं दिसलं तर ती फुलोरी. भिंतीच्या भोकातून मेण-राळेची बारीक नळी बाहेर आली असेल आणि चिलटासारख्या काळ्या माश्या ये-जा करत असतील, तर त्या डंख नसलेल्या माश्या. त्यांना तसंच राहू द्यावं. वाशांना आणि बांबूंना गोल भोकं पाडणारा जाडजूड काळा भुंगा एकेकटा राहतो. जुनी भोकं तो पुन्हापुन्हा वापरतो, म्हणून ती रिकामी असताना बुजवून लाकडाला तेल किंवा रंग द्यावा.

उंच झाडाला किंवा इमारतीच्या छज्ज्याला उघड्यावर लटकणारं मोठं पोळं आग्याचं. इथं स्वतः काहीही करू नये. आग्या चिडला तर थव्याने पाठलाग करतो. त्याचं काम जाणकारावरच सोपवावं.

परत येण्यामागचं गणित

मोहोळ भरभराटीला आलं की जुनी राणी निम्म्या-अधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि एखाद्या फांदीला लोंबकळत थांबते. दरम्यान शोधक माश्या घर पाहायला जातात. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ साली म्युनिकमध्ये थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने आणि विटांच्या धुळीने माखलेल्या दिसल्या. महायुद्धात पडझड झालेल्या इमारतींत त्या घर शोधून आल्या होत्या आणि नाचून त्याचा पत्ता सांगत होत्या.

कोरडी पोकळी, लहानसं दार, मुंग्यांपासून आडोसा, जवळ पाणी आणि फुलोरा: सातेरी हेच शोधते. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीत यातलं बरंच काही आयतं मिळतं. तिथं पूर्वी मोहोळ असेल, तर मेणाचा वास शोधक माशीला आणखी ओढतो. कीटकनाशक फवारून माश्या मारल्या तरी हा वास उरतो. मागे राहिलेल्या पोळ्यावर मेणकिडा आणि मुंग्या येतात, मध पाझरून भिंत खराब होते आणि पुढच्या हंगामात नवा थवा तिथंच उतरतो.

आग्याची गोष्ट याहून अद्भुत आहे. तो ऋतूनुसार दूरवर स्थलांतर करतो. आसामात केलेल्या डीएनए तपासणीतून त्याच राणीची वसाहत पुन्हा जुन्याच जागी परतल्याचं दिसलं; २००० साली ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. कामकरी माशीचं आयुष्य महिन्यांत मोजण्याइतकं लहान. मग जागेची आठवण कोण जपतं, हे कोडं शास्त्रज्ञांना भुरळ घालत आलं आहे.

हलवायचं कसं

सातेरीचं मोहोळ संध्याकाळी, प्रशिक्षित मधपाळाकडून पेटीत भरून घ्यावं. तो धुराडीने हलका धूर देतो, पोळी एकेक कापून चौकटीत केळीच्या सोपटाने बांधतो आणि राणी सुखरूप पेटीत गेल्याची खात्री करतो. राणी आत गेली की कामकरी माश्या मागोमाग येतात. काही दिवसांत त्या पोळी चौकटीला जोडून घेतात.

खरं काम त्यानंतरचं. जुनं मेण खरवडून काढावं, जागा धुऊन चुन्याचा हात द्यावा आणि फटी माती-सिमेंटने किंवा बारीक जाळीने बंद कराव्यात. मोडके माठ, रिकामे डबे पालथे घालावेत. वाडीच्या कडेला सावलीत एक रिकामी पेटी आतून थोडं मेण चोळून ठेवावी. पुढचा थवा त्या वासाने पेटीकडे वळण्याची शक्यता वाढते.

डंख बसलाच तर काटा ताबडतोब नखाने खरवडून काढावा आणि तिथून दूर जावं. डंखाबरोबर सुटणारा वास इतर माश्यांना चिथावतो. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावं.

पाहुणी की भागीदार

काकडी, दोडका, कारलं, भातानंतरचं कलिंगड या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. परागकण पोचवायला कीटक नसतील तर फळ धरत नाही किंवा वाकडं वाढतं. खोपीतलं मोहोळ जाळणारा शेतकरी नकळत स्वतःच्या मांडवावरचं पीक कमी करतो. इथल्या कातकरी आणि ठाकूर समाजांकडे मोहोळ हुडकण्याचं पिढ्यांचं ज्ञान आहे. त्याला पेटीची जोड दिली तर पोळं न पिळता मध मिळेल आणि गावात रोजगारही उभा राहील.

शिकण्याची सोयही आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. रोह्याजवळ किल्ला इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतीविषयी सल्ल्याला तिथं जाता येतं.

गावातल्या चार-दोन तरुणांनी पेटीत मोहोळ भरण्याचं कसब शिकून घेतलं, तर खोपीत माश्या दिसताच कुणी पेंढा शोधणार नाही, त्या मुलांना निरोप धाडेल. प्रत्येक गावानं या दिवाळीत एवढा संकल्प जरूर करावा.