खिडकीमागचा कारकून

रेशनच्या दुकानात, सेवा केंद्रात किंवा बँकेत ताटकळल्यानंतर ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस आता गावात सापडणे कठीण. आपण निमूटपणे घरी परततो. पण हा सर्व्हर आत नेमके काय करतो आणि तो नीट चालेल असा बांधतात कसा, हे शिकता येण्यासारखे आहे, बरे का. तुमच्या घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे. याला वेब सर्व्हिस बांधणे म्हणतात.

वेब सर्व्हिस म्हणजे खिडकीमागे बसलेला कारकून समजा. तुमचा मोबाइल खिडकीतून एक चिठ्ठी आत सरकवतो. कारकून आतली खतावणी पाहतो आणि उत्तराची चिठ्ठी बाहेर देतो. आत किती कपाटे आहेत, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नसते. चिठ्ठी ठरल्या नमुन्यात हवी, एवढेच.

हा नमुना टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने घालून दिला. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत असताना त्यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. पुढे रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या प्रबंधात २००० साली अशा सेवांची घडण कशी असावी ते सांगितले. त्या पद्धतीला ‘रेस्ट’ म्हणतात. नावे विसरलात तरी बिघडत नाही. चिठ्ठीवर एक पत्ता असतो आणि एक आज्ञा असते, हे मात्र विसरू नका. ‘गेट’ म्हणजे दाखव, ‘पोस्ट’ म्हणजे नवी नोंद घे, ‘पुट’ म्हणजे या पत्त्यावर हे ठेव, ‘डिलीट’ म्हणजे काढून टाक. उत्तरावर आकडा येतो. २०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही नाही. ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही, हाच तो आपला ‘सर्व्हर डाउन’.

आता समजा, तुमच्या मुलीने गावच्या दूध संस्थेसाठी अशी सेवा बांधायला घेतली. सभासदाने किती लिटर दूध घातले, फॅट किती लागले, दहा दिवसांचे बिल किती झाले, हे त्याला मोबाइलवर दिसावे. काम सोपे वाटते. ती ‘पोस्ट’ आज्ञेने नोंदी घेऊ लागते, आणि घोटाळा तिथेच होतो.

सकाळी सहाची वेळ, दारात रांग, रेंज येते-जाते. संकलन करणारा माणूस सभासद ११२ चे आठ लिटर भरून बटण दाबतो. चिठ्ठी सर्व्हरपर्यंत पोचते, नोंद होते, पण उत्तर परत येताना रेंज जाते. माणसाला वाटते नोंद झालीच नाही. तो पुन्हा बटण दाबतो. आठाचे सोळा लिटर होतात! बिलाच्या दिवशी ते उघडकीला आले की रक्कम कापावी लागते, आणि ज्याची कापली त्याला आपलेच पैसे गेल्यासारखे वाटते. मग संस्थेच्या हिशेबावर कोण विश्वास ठेवणार?

यावर उपाय पत्त्यातच आहे. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा पत्ता द्यावा: सभासद ११२, अमुक तारीख, सकाळ. त्या पत्त्यावर ‘पुट’ने आठ लिटर ठेवावेत. तीच चिठ्ठी दहा वेळा गेली तरी नोंद एकच राहते. पण थांबा. त्या सभासदाकडे गायही आहे आणि म्हैसही. दोन्ही दुधे वेगळी मोजली जातात, दरही वेगळा. म्हणजे पत्त्यात ‘गाय’ किंवा ‘म्हैस’ आले पाहिजे, नाहीतर म्हशीची नोंद गाईच्या नोंदीवर बसेल आणि गाईचे दूध नाहीसे होईल. एखादा सभासद गाईच्याच दोन किटल्या आणतो, त्यांचे फॅट वेगळे लागते. मग काय करायचे? हे संगणकाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी चार दिवस पहाटे संकलन केंद्रावर उभे राहून मोजणाऱ्याला विचारावे लागते, आणि तेही वहीवर लिहून घेत. संगणक उघडायचा तो त्यानंतर.

जिथे असा सोयीचा पत्ता सापडत नाही, तिथे प्रत्येक व्यवहाराला आधीच वेगळा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला की कारकून नवी नोंद न करता जुनेच उत्तर देतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयच्या व्यवहारालाही बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. खतवाल्याला पैसे पाठवताना मोबाइल अडकला, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका; तो क्रमांक आणि खाते आधी पाहा.

फॅट ४.२ ऐवजी कोणी ४२ भरले तर सेवेने ४०० हा आकडा देऊन चिठ्ठी परत करावी, मुकाट्याने बिल करू नये. पैसे रुपयांच्या अपूर्णांकात ठेवू नयेत, पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवावेत. संगणकाच्या नेहमीच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे ऐकून हसू येईल, पण खरे आहे. आणि सर्वांत मोठी चूक: पत्त्यातला ११२ बदलून ११३ केला की शेजाऱ्याचे बिल दिसणे. मागणारा कोण आहे हे प्रत्येक चिठ्ठीला तपासलेच पाहिजे.

साधने फुकट आहेत. ‘पायथॉन’ ही भाषा, तिच्यावर चालणारी ‘फ्लास्क’ आणि नोंदींसाठी ‘एसक्यूलाइट’, ज्यात सगळी खतावणी एकाच फाइलमध्ये मावते. एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय घरच्या साध्या लॅपटॉपवर सराव होतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमात संगणकाचे धडे मराठीतूनही मिळतात. दुसऱ्यांची सेवा कशी बोलते ते पाहायचे असेल, तर केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मागवून पाहावेत.

दूध संस्थेची सेवा तयार झाली की गावाला दाखवण्याआधी तिची परीक्षा घरीच घ्यावी. दोन मोबाइल घ्यावेत, नोंद भरून बटण दाबावे आणि त्याच क्षणी एकाचे नेट बंद करावे. नेट सुरू करून पुन्हा बटण दाबावे. मग दुसऱ्या मोबाइलवर बिल उघडून पाहावे. आठच लिटर दिसले, तर म्हशीची किटली पुढे सरकवायला हरकत नाही.