किंकाजू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

किंकाजू (पोटोस फ्लेव्हस) हा रॅकूनच्या कुळातील निशाचर सस्तन प्राणी. मेक्सिकोपासून बोलिव्हिया व ब्राझीलपर्यंतच्या वर्षावनांत, उंच झाडांच्या शेंड्यांवर त्याचा वावर असतो. वजन साधारण दीड ते साडेचार किलो.

गैरसमज: किंकाजू घरात पाळता येतो.

वस्तुस्थिती: मऊ केस, टपोरे डोळे आणि हातातले केळे खाणाऱ्या किंकाजूच्या चित्रफिती पाहून हा समज पुन्हा पुन्हा पसरतो. तो मुळातच चुकीचा आहे. दिवसा मांडीवर मुटकुळे करून पडलेला किंकाजू माणसाळलेला नसतो. ती त्याची झोपेची वेळ असते. जंगलात तो दिवसभर ढोलीत झोपतो आणि रात्रभर फळे शोधत फिरतो. पिंजऱ्यात जन्मल्याने ही सवय सुटत नाही. कुत्रा माणसाळला तो असंख्य पिढ्यांच्या निवडीतून. किंकाजूच्या बाबतीत तसे काहीही घडलेले नाही. दचकला की तो कडकडून चावतो. प्राणिसंग्रहालयातील एका कर्मचाऱ्याच्या अशाच जखमेत ‘किंगेला पोटस’ हा तोवर अज्ञात असलेला जिवाणू सापडला. त्याचे वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव किंकाजूंमध्ये रॅकूनचा गोलकृमी आढळल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्ये नोंदवले. या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. एवढे समोर असताना ‘गोंडस आहे’ हे कारण पुरेसे मानणे बेजबाबदारपणाचे आहे. त्यात मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. जंगलातून उचललेल्या प्राण्यांची भरपाई लवकर होत नाही.

गैरसमज: तो माकड किंवा लेमूर आहे.

वस्तुस्थिती: १७७४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ श्रेबर यांनीही त्याला लेमूरांतच गणले होते. प्रत्यक्षात तो मांसभक्षी गणात मोडतो. फांदीला विळखा घालणारी शेपूट या गणात आणखी एकाच प्राण्याला आहे: ईशान्य भारतातही आढळणाऱ्या बिंटुरॉंगला.

गैरसमज: मांसभक्षी गणातला, म्हणजे तो शिकारी.

वस्तुस्थिती: प्राणिशास्त्रज्ञ रोलंड केज यांच्या पनामातील अभ्यासानुसार त्याच्या आहारात सुमारे ९० टक्के पिकलेली फळे असतात, उरलेला वाटा मुख्यतः पानांचा.

गैरसमज: तो मधावर जगतो.

वस्तुस्थिती: लांब जिभेने तो फुलांतला मकरंद चाटतो, बाल्साच्या फुलांना त्याच्या भेटी पनामात नोंदल्या गेल्या आहेत. मुख्य अन्न मात्र फळेच. गिळलेल्या बिया विष्ठेतून दूरवर पडतात आणि जंगलात नवी झाडे रुजतात.