बॅटरीवरचा आळ

गंगापूर तालुक्यातून, नाथसागराच्या फुगवट्याकाठच्या एका गावातून, मागील पंधरवड्यात एका वाचकाचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर टपालाने न धाडता स्वतः जाऊनच द्यावे असे वाटले. पत्रलेखक मासेमारी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी होडीच्या मागच्या फळीला विजेवर चालणारी बारा व्होल्टची छोटी मोटर बसविली. अलीकडे ती जोर धरीनाशी झाली, आणि मोटर सुरू करताच शेजारचा दिवाही मंदावू लागला. बॅटरी दोषी असे ठरून नवी आणली गेली. तरी दुखणे तसेच. आता दुसरी, अधिक मोठी बॅटरी घेण्याचा सल्ला मिळत आहे, तो मानावा काय?

कायगाव-टोके येथे, प्रवरा जेथे गोदावरीला मिळते आणि धरणाच्या पाण्यामुळे दोन्ही नद्यांचे मूळ काठ शोधूनही सापडत नाहीत, तेथे आमची भेट ठरली. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. तेव्हापासून साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरणाऱ्या त्याच्या जलाशयावर, म्हणजेच नाथसागरावर, रोहू, कटला आणि मृगळ यांच्या आधारे कित्येक कुटुंबे जगत आली आहेत. थर्माकोलच्या चप्पूवर बसून हाताने वल्ही मारणारे येथे आजही पुष्कळ दिसतात. मोटर ही ज्याला परवडली त्याची मिरास, आणि म्हणूनच एका अनावश्यक बॅटरीचा खर्च ही त्या घरात किरकोळ बाब नसते.

मल्टिमीटर बॅटरीला लावला, १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली होती. मग चार मीटर मागे, मोटरच्या टोकांवर लावला, तेथेही १२.६. "बघा सायेब, करंट तर सगळीकडं सारखाच हाय," ते म्हणाले, "मंग मोटारच गेली म्हना की!" असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे; पुष्कळ कारागीरही येथेच फसतात, कारण त्यांनी घेतलेली साक्ष बंद मोटरची असते. मोटर चालू करावयास सांगितली आणि तीच मापे पुन्हा घेतली: बॅटरीवर १२.१ व्होल्ट, मोटरवर अवघे ९.५. मधल्या मध्ये अडीच व्होल्टांहून अधिक दाब नाहीसा झाला होता.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी आपल्या शहरासारखी दुसरी जागा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आपल्या याच शहरात, नहरींची जी परंपरा घातली, तिच्यातलीच एक नंतरची नहर पाणचक्कीला पाणी पुरवीत आली. डोंगराकडून भाजलेल्या मातीच्या नळांतून आलेले पाणी भिंतीतून उंच चढते आणि खाली कोसळून जाते फिरविते. आता मनाशी असा एक प्रयोग करावा, की त्या नळाच्या दोन्ही टोकांशी उभी काचेची नळी बसविली आहे, आणि मध्ये कोठेतरी झाडाच्या मुळ्यांनी व चुन्याच्या थरांनी नळ इतका आवळला आहे की बोटभरच वाट उरली आहे. शेवटचे तोंड बंद ठेवले तर काय दिसेल? दोन्ही नळ्यांत पाणी समान पातळीवर उभे राहील. बोटभर वाटेतूनही पाणी सावकाश पलीकडे जाऊन पातळी गाठतेच, आणि पाहणारा निःशंक मनाने नळ मोकळा असल्याचा दाखला देईल. तोंड उघडून पाणी वाहू लागले की मात्र पलीकडल्या नळीतील पातळी झपाट्याने खाली येईल. अडथळा तोच होता. तो प्रवाहावाचून दिसत नव्हता, एवढेच.

विजेच्या बाबतीत ही गोष्ट ज्याने प्रथम मापून सिद्ध केली, त्याचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडी असते. पण त्याने प्रत्यक्ष काय केले हे फारसे कोणी सांगत नाही, आणि मला या उपेक्षेचे मनापासून वाईट वाटते. गेओर्ग ओहम हा एर्लांगेन येथील एका कुलूपकाराचा मुलगा. १७८९ मधला जन्म. बापाने स्वतः अभ्यास करून मुलांना गणित शिकविले. पुढे कोलोन येथील शाळेत मास्तरकी करीत असता, शाळेच्या प्रयोगशाळेतच, त्याने तारांची लांबी आणि प्रवाहाचे बळ यांचा संबंध शोधावयास घेतला. १८२५ साली त्याने जे पहिले सूत्र प्रसिद्ध केले ते चुकीचे होते, आणि त्याचे कारण आपल्या होडीशी थेट निगडित आहे: त्याची बॅटरी. व्होल्टाच्या पद्धतीची ती बॅटरी जोडताच उसळी घेई आणि मग ढिली पडे. ज्या मापाने मोजावयाचे तेच माप क्षणोक्षणी बदलत होते. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सुचविले, की बॅटरी सोडून द्यावी आणि झेबेकने चारच वर्षांपूर्वी दाखविलेला उष्णतेपासून वीज मिळविण्याचा मार्ग धरावा. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचा जोड केला, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर दोन्हींचे तापमान हलत नाही. म्हणून विजेचा दाबही हलत नाही. वर एक चुंबकसूची तारेने टांगून तिला पडणारा पीळ तो मोजीत असे. एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने आळीपाळीने त्या मंडलात बसविल्या. एखाद्या गरीब शाळामास्तराने उकळते पाणी आणि बर्फ एवढ्या सामग्रीवर सृष्टीचा एक नियम हस्तगत करावा, याहून सुंदर प्रयोग मला तरी पदार्थविज्ञानाच्या इतिहासात चटकन आठवत नाही.

१८२६ साली त्याला जे सूत्र मिळाले ते आपल्या पाठ्यपुस्तकातल्या तीन अक्षरांचे नव्हते. त्याने लिहिले होते: प्रवाहाचे बळ म्हणजे अ भागिले (ब अधिक क्ष). येथे अ हा उगमाचा दाब, क्ष ही तपासावयाच्या तारेची लांबी, आणि ब म्हणजे मंडलात त्या तारेखेरीज जे जे काही आहे, उगमाचे अंतरंग, सांधे, जोडतारा, त्या सर्वांचा एकत्रित अडथळा. शाळेत पोचेपर्यंत हा ब गळून पडतो. मुलांना सांगितले जाते की दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह, आणि रोध म्हणजे त्या चित्रातली नागमोडी रेघ. चित्रातल्या बाकीच्या सरळ रेघांना रोध नसतो. कागदावर नसतो, हे खरे. होडीत असतो, आणि होडीतले बहुतेक दोष त्या सरळ रेघांतच राहतात. ओहमचा १८२७ चा ग्रंथ जर्मनीत थंडपणे घेतला गेला. खिन्न होऊन त्याने कोलोनची जागा सोडली, आणि न्युर्नबर्ग येथे स्थिर नोकरी मिळेपर्यंत १८३३ साल उजाडले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिले तेव्हा कोठे स्वदेशीयांचे डोळे उघडले. म्युनिकच्या विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे आसन त्याला १८५२ साली मिळाले, आणि १८५४ साली तो वारला.

आता होडीतला ब मोजू. मोटर पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर घेत होती. बॅटरी पुढच्या टोकाला, कारण माणूस मागे बसतो आणि तोल सांभाळावा लागतो. म्हणून तार जाऊन-येऊन आठ मीटर, जाडी चार चौरस मिलिमीटर. तेवढ्या तांब्याचा रोध ओहमच्या सुमारे तिसाव्या भागाइतका भरतो. घरच्या दिव्याला त्याचा पत्ताही लागणार नाही, पण ३० अँपिअरला तो एक व्होल्ट खातो. उरलेला दीड व्होल्ट कोठे गेला? मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी त्याच तारेवर पुढेपुढे सरकवीत गेलो. मोटर चालूच होती. होडीच्या मध्यावर, बाकाखाली, जेथे तार कधीकाळी तुटून पीळ घालून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती, तेथे मीटरने एकदम उडी घेतली. टेपला हात लावला तर चटका बसला. दीड व्होल्ट आणि ३० अँपिअर म्हणजे ४५ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डाग देण्याच्या इस्त्रीइतकी उष्णता त्या चिमूटभर जागेत रात्रभर जळत होती. दिव्याची तारही याच जोडाच्या पुढून घेतलेली होती. म्हणून मोटरबरोबर दिवा मान टाकी.

टेप सोलली, तर आत हिरवी भुकटी. हिला आपल्या घरांत कळंक म्हणतात, आणि आजीच्या काळी पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकत असे, ते याच रसायनाचे काम. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय कल्हई होता, आणि आनंदाची गोष्ट अशी की समुद्रावरच्या होड्यांसाठी जी उत्तम तार बनते तिच्या तांब्याच्या प्रत्येक बारीक तंतूला अशीच कथलाची कल्हई केलेली असते. गोड्या पाण्यात तिच्यावाचून भागते. पण पीळ घालून टेप गुंडाळण्याची रीत मात्र सोडलीच पाहिजे, कारण टेप पाणी आत जाण्यास अडवीत नाही, आत गेलेले बाहेर येण्यास मात्र अडविते. तार स्वच्छ, चकचकीत तांब्यापर्यंत कापावी, दाबून बसविण्याची थिंबल वापरावी, वर ग्रीस लावावे, आणि जोड शक्यतो पाण्याच्या शिंतोड्यांपासून उंच ठेवावा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, पण तार घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि लाकडी होडीला आग लागण्यास तेवढे पुरते.

पत्रात आणखी एक प्रश्न होता. शेजाऱ्याने कोकणातून पेट्रोलचे जुने इंजिन आणले आहे, ते अधूनमधून ठिणगीच देत नाही. अशा लहान इंजिनाला बहुधा बॅटरी नसते; त्याचा मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो, आणि बंद करण्याचे बटण ती वीज इंजिनाच्या अंगात, म्हणजे अर्थिंगला, वळवून ठिणगी मारते. तेव्हा येथे चौकशी उलट करावी लागते. होडीच्या मोटरीत बंद असावयाचे मंडल उघडे पडू पाहत होते. येथे उघडे असावयाचे मंडल ओलाव्याने बंद होते. प्रथम त्या बटणात अडकवावयाची मनगटाच्या दोरीची क्लिप नीट बसली आहे का ते पाहावे, मग त्या बटणाची तार कोठे सोलून धातूला टेकली आहे का ते.

त्याच इंजिनाच्या पायाला राखाडी धातूचा एक तुकडा आहे. तो ठेवावा की काढावा? तो जस्ताचा असावा, आणि त्याची वंशावळ सर हम्फ्री डेव्हीपर्यंत जाते. ब्रिटिश आरमाराच्या गलबतांचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत, म्हणून १८२४ साली डेव्हीने त्यांना जस्त किंवा लोखंड यांचे तुकडे जोडण्याचा उपाय काढला. ते तुकडे स्वतः झिजत आणि तांबे वाचे. उपाय इतका यशस्वी झाला की फसला: झिजणाऱ्या तांब्याचे विषच शिंपल्यांना व शेवाळाला दूर ठेवीत होते, ते थांबताच गलबतांचे तळ जीवजंतूंनी लगडले. आजची इंजिने ॲल्युमिनियमची असतात आणि त्यांना हा आत्मबलिदान करणारा तुकडा हवाच. मात्र जस्त हे खाऱ्या पाण्याचे. गोड्या पाण्यात वीज वाहण्यास अडथळा समुद्राच्या शेकडो पट असू शकतो (पुन्हा तोच ब, या वेळी पाण्यातला), आणि जस्तावर कठीण साय धरून ते निकामी होते. नाथसागरात मॅग्नेशियमचा तुकडा लावावा, आणि त्याला रंग कधीही देऊ नये.

गोड्या पाण्याच्या याच गुणात एक भयंकर धोका दडलेला आहे, आणि तो सांगितल्यावाचून हे उत्तर पुरे करणे मला योग्य वाटत नाही. फुगवट्याच्या काठाने शेतकऱ्यांचे पंप असतात. पाणी हटेल तसे ते पुढे सरकवावे लागतात, आणि त्यांच्या ४१५ व्होल्टच्या केबली कित्येकदा चिखलातून, पाण्यातून, तशाच जोडांनिशी ओढलेल्या असतात. समुद्रात गळणारी वीज माणसाला वगळून पाण्यातून जाते, कारण खारे पाणी शरीराहून चांगले वाहक आहे. तलावात उलट. तेथे आपले क्षारयुक्त शरीरच सोपी वाट ठरते. स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. पंपाजवळ पाण्यात हात घालताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर आल्या वाटेने मागे फिरावे, आणि कोणी धडपडताना दिसला तर पुरवठा तोडल्याशिवाय त्याच्यासाठी उडी टाकू नये.

दुपारपर्यंत तो हिरवा जोड कापून नवा घातला. मोटर पूर्ण वेगात ठेवून तिच्या टोकांवर मीटर लावला, तो अकरा व्होल्टांवर स्थिरावला. सोळा चौरस मिलिमीटरची तार घातली तर त्यात आणखी पाऊण व्होल्टाची भर पडेल, ती शहरात मिळेल तेव्हा घालण्याचे ठरले. दिवा भर उन्हात लावून पाहिला. "आता मरंना," ते म्हणाले, आणि होडी पाण्यात लोटून प्रवरेच्या अंगाला, जाळी टाकलेल्या बाजूला, निघून गेले.